यादी कुणाची, कागद कुणाचे?



व्याख्यानमालेच्या चिटणिसांचे पत्र आले तेव्हा मला वाटले, पत्ता चुकला असावा. या व्यासपीठावर इतिहासाचे प्राध्यापक बोलतात, साहित्यिक बोलतात. मी पडलो कामगार संघटनेचा माणूस. माझी शाळा दहावीला सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, वाचनालयात आणि लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात तारखेची वाट पाहताना. तेव्हा गडकोटांचा आणि लढायांचा इतिहास माझ्याकडून कुणी अपेक्षू नये. मी आज एका यादीचा आणि एका पाकिटाचा इतिहास सांगणार आहे. तो सांगावासा का वाटला, ते आधी सांगतो.

गेल्या पावसाळ्यात आपल्या गावातला एक जुना दवाखाना बंद झाला. डॉक्टरांचे नाव घेण्याचे कारण नाही. इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांना त्यांनी लहानपणी इंजेक्शन दिलेले असेल. चाळीस वर्षे दवाखाना चालवून ते थकले आणि मुलाकडे परदेशी गेले. थकलेल्या माणसाने विसावा घ्यावा यात वावगे काही नाही. पण एका सोमवारी लोक गेले तो शटर खाली, आणि शटरवर चिकटवलेली चिठ्ठी पावसाने भिजून गेलेली. त्या दिवशी अकराच्या सुमारास युनियनच्या कचेरीत सात-आठ माणसे येऊन बसली. एकाची रक्तदाबाची गोळी संपली होती आणि गोळीचे नाव त्याला ठाऊक नव्हते. "पांढरी असते, अर्धी तोडून घ्यायची," एवढेच तो सांगे. एका बाईंना पूर्वी कुठल्याशा औषधाने अंगभर गांधी उठल्या होत्या. ते औषध कोणते, हे फक्त डॉक्टरांना माहीत. सगळ्यांचा प्रश्न एकच होता : आता जायचे कुणाकडे?

डॉक्टरांची नावे मी सांगितली. गावात डॉक्टरांचा दुष्काळ नाही. पण नव्या डॉक्टरने पहिल्या दिवशी विचारलेल्या पहिल्या प्रश्नालाच लोक अडले : "आधी काय चालू होते?" पुढच्या आठवड्यात समजले, की दवाखान्याची जागा रिकामी करताना केसपेपरांची तीन पोती रद्दीवाल्याच्या हातगाडीवर चढली आहेत. आम्ही चौघे धावलो, गाडी थांबवली आणि रद्दीच्या भावाने पैसे मोजून ती पोती सोडवून आणली. चाळीस वर्षांतली गावाची दुखणी आम्ही किलोच्या भावाने विकत घेतली, असे म्हणा ना! त्या रात्री मला माझ्या वडिलांची आठवण झाली, आणि झोप लागली नाही.

माझे वडील मुंबईला लालबागेत एका गिरणीच्या कार्डिंग खात्यात होते. कापूस विंचरून त्याचा पेळू करण्याचे ते खाते. तिथल्या हवेत कापसाची धूळ अशी तरंगत असे, की संध्याकाळी घरी आलेल्या माणसाच्या भुवया पांढऱ्या दिसत. वडिलांची छाती भरे. पण त्यात एक विशेष होता. छाती भरे ती सोमवारी. रविवारची सुटी घेऊन सोमवारी खात्यात पाऊल टाकले, की दुपारपर्यंत छातीवर दगड ठेवल्यासारखे होई आणि दोन-तीन दिवसांनी जरा मोकळे वाटे. चाळीतले लोक थट्टा करीत, की रविवारची जास्त झाली असेल. वडील माळकरी होते, ते हसून सोडून देत.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पॅनेलचे डॉक्टर होते. मी लहान असताना वडिलांचे बोट धरून तिथे जात असे. डॉक्टरांच्या मागे लाकडी कपाट होते आणि त्यात उभी लावलेली जाड कागदाची पाकिटे होती, प्रत्येक कामगाराचे एक. नंबर सांगितला की कंपाउंडर पाकीट काढून देई. डॉक्टरांनी त्या पाकिटातल्या कागदावर वडिलांचा सोमवार लिहून ठेवला होता. "तुमचे दुखणे दम्याचे नाही, खात्याचे आहे," असे ते म्हणत. या रोगाला बिसिनोसिस म्हणतात. कापूस, ताग यांच्या धुळीने फुप्फुसे धरतात, आणि सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी होणारा त्रास ही त्याची सुरुवातीची खूण. पुढे पुढे मग आठवड्याचे सगळेच वार सोमवार होतात.

हे पॅनेल आणि हे पाकीट आमच्या गल्लीत आले कुठून, याचा शोध मी पुष्कळ वर्षांनी घेतला. त्याने मला थेट विलायतेला नेले. बोटीने नव्हे, वाचनालयाच्या पायऱ्या चढून.

विलायतेत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी डॉक्टरचा धंदा दुकानासारखाच होता. डॉक्टर निवृत्त झाला किंवा वारला, की त्याचा दवाखाना विकला जाई. विकण्यासारखे त्यात काय असे? टेबल, खुर्ची आणि बाटल्या यांचे मोल ते किती! खरी किंमत पेशंटांची. या दवाखान्यात इतकी माणसे येतात आणि वर्षाकाठी इतके उत्पन्न देतात, या हिशेबाने गुडविलचे मोल ठरे. नव्या डॉक्टरने ते भरायचे आणि जुन्या डॉक्टरची माणसे आपलीशी करायची. म्हणजे दवाखाना बंद पडला तर पेशंट वाऱ्यावर, आणि विकला गेला तर पेशंट त्या विक्रीतला माल. दोन्ही सौद्यांत त्याला विचारणारा कुणी नव्हता.

ज्यांच्याजवळ पैसा नव्हता त्यांनी मात्र एक युक्ती काढली होती. कामगार आपापसात वर्गणी काढून मंडळी स्थापीत आणि मंडळी डॉक्टर नेमीत. दक्षिण वेल्समध्ये ट्रेडेगर नावाचे कोळशाच्या खाणींचे आणि लोखंडाच्या कारखान्यांचे गाव आहे. तिथे १८९० साली अशी एक वैद्यकीय मदत मंडळी निघाली. कामगाराने पगाराच्या दर पौंडामागे तीन पेन्स द्यायचे. त्या काळी पौंडाचे पेन्स दोनशे चाळीस, म्हणजे पगाराचा ऐंशीवा हिस्सा. एवढ्यात त्याला आणि त्याच्या कुटुंबाला डॉक्टर, औषध आणि पुढे इस्पितळही मिळे. गावातली बहुतेक माणसे या मंडळीत होती. इथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की पेशंटांची यादी डॉक्टरच्या मालकीची नव्हती, मंडळीच्या मालकीची होती. डॉक्टर गेला तरी यादी जागेवर राही, आणि नवा डॉक्टर शोधण्याचे काम आजारी माणसाचे नसून मंडळीच्या कमिटीचे असे. ए. जे. क्रोनिन हे पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेले गृहस्थ १९२० नंतरच्या काही वर्षांत इथेच डॉक्टर होते.

१९११ साली लॉइड जॉर्ज यांनी ब्रिटिश पार्लमेंटात राष्ट्रीय विम्याचा कायदा संमत करून घेतला. पुरुष कामगाराने आठवड्याला चार पेन्स द्यायचे, मालकाने तीन आणि सरकारने दोन. चार टाका आणि नऊ घ्या, असा त्याचा बोलबाला झाला. १९१३ च्या जानेवारीपासून विमेदारांना डॉक्टर मिळू लागला. प्रत्येक जिल्ह्यात विमा कमिटी असे आणि तिच्याकडे राजी झालेल्या डॉक्टरांची यादी असे. या यादीलाच पॅनेल म्हणत. कामगाराने त्यातला हवा तो डॉक्टर निवडायचा, आणि डॉक्टरला माणशी ठराविक मोबदला मिळायचा, मग तो माणूस वर्षात दहादा येवो की एकदाही न येवो. पुढे प्रत्येक पेशंटच्या नोंदींसाठी पाकीट आले. विलायतेतले डॉक्टर त्याला अजून लॉइड जॉर्जचे पाकीट म्हणतात. पेशंटने डॉक्टर बदलला, की कचेरीमार्फत पाकीट नव्या डॉक्टरकडे जाई. आजारी माणसाच्या मागोमाग त्याच्या आजाराची हकीगत चालत जाण्याची ही सोय झाली. मला तर रेल्वेच्या शोधाइतकेच तिचे कौतुक वाटते.

पण या कायद्यात दोन मोठी भोके राहिली. एक तर विमा फक्त कमावणाऱ्याचा होता. खाणीतल्या मजुराला डॉक्टर मिळे, पण घरी बाळंतपणाने झिजलेल्या त्याच्या बायकोला मिळत नसे. मुलांनाही नाही. दुसरे असे, की पॅनेल आले तरी दवाखाने विकण्याची चाल गेली नाही. पॅनेलवरची माणसेही गुडविलमध्ये धरली जात.

ही दोन्ही भोके बुजवणारा माणूस त्या ट्रेडेगर गावातलाच निघाला. अन्यूरिन बेव्हन १८९७ साली तिथे जन्मला आणि तेराव्या वर्षी खाणीत उतरला. पुढे मंडळीच्या इस्पितळाच्या कमिटीत त्याने काम केले. त्याचा बाप १९२५ साली खाणीच्या धुळीने फुप्फुसे निकामी होऊन वारला. नुकसानभरपाई म्हणून एक कवडी मिळाली नाही, कारण कायद्याच्या धंदेवाईक रोगांच्या यादीत तो रोग तेव्हा नव्हता. ही ओळ मी वाचनालयात वाचली तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो होतो. का ते पुढे कळेल.

१९४५ साली हाच बेव्हन ब्रिटनचा आरोग्यमंत्री झाला. त्याचा कायदा १९४६ चा, आणि राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली ५ जुलै १९४८ रोजी. आता बायको, मुले, म्हातारी माणसे, सगळ्यांचे नाव कुठल्या ना कुठल्या डॉक्टरच्या यादीत आले. या सेवेतल्या डॉक्टरने दवाखान्याचे गुडविल विकणे कायद्याने बंद झाले. डॉक्टरांचा तोटा होऊ नये म्हणून सरकारने सहा कोटी साठ लाख पौंडांची रक्कम बाजूला काढली. पेशंट हा विकण्याचा माल नाही, एवढे एक वाक्य कायद्यात उतरवायला त्या देशाला सहा कोटी साठ लाख पौंड पडले! मला तो सौदा महाग वाटत नाही.

डॉक्टरची जागा रिकामी झाली तर ती कशी भरायची, हेही मग सार्वजनिक काम झाले. ज्या भागात डॉक्टरांची गर्दी आहे तिथे नव्याने कुणी बसू नये, जिथे वाण आहे तिथे यावे, हे पाहण्यासाठी एक कमिटी नेमली गेली. ती २००२ पर्यंत चालली. म्हणून सगळे गोड झाले असे मात्र समजू नका. वेल्समध्येच ग्लिनकॉरग नावाच्या खाणकामगारांच्या खेड्यात ज्यूलियन ट्यूडर हार्ट नावाचे डॉक्टर होते. त्यांनी १९७१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात एक लेख लिहिला. त्याचा मतलब असा, की जिथे आजार जास्त तिथे चांगला डॉक्टर कमी, आणि वैद्यक जितके बाजाराच्या हाती जाते तितकी ही तफावत वाढते. या गृहस्थांनी आपल्या यादीतल्या जवळजवळ प्रत्येक प्रौढ माणसाचा रक्तदाब मोजून नोंदून ठेवला होता. यादी असल्याचा हा खरा फायदा. आलेला पेशंट कुठलाही डॉक्टर पाहतो. न आलेला कोण, हे ज्याच्याजवळ यादी आहे त्यालाच कळते.

वेल्सच्या त्या खोऱ्यांत जायला तिकडचे तरुण डॉक्टर फारसे राजी नसत. त्या जागा कुणी भरल्या? हिंदुस्थान आणि पाकिस्तानातून गेलेल्या डॉक्टरांनी. आपल्या देशाच्या पैशाने शिकलेल्या डॉक्टरांनी तीस-तीस वर्षे त्या खाणकामगारांच्या छात्या तपासल्या. या शतकाच्या सुरुवातीस ती पिढी निवृत्त होऊ लागली आणि त्या खोऱ्यांतले दवाखाने पुन्हा रिकामे पडू लागले. म्हणजे दवाखाना बंद पडण्याचे दुखणे तिकडेही आहे. फरक एवढाच, की तिकडे दवाखाना बंद झाला तर पेशंटला कचेरीचे पत्र येते, त्याचे नाव दुसऱ्या यादीत जाते आणि त्याच्या नोंदी मागोमाग जातात. रद्दीवाल्याच्या गाडीमागे धावायला लागत नाही.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडे कामगारांच्या आजारपणाच्या विम्याची चर्चा १९२९ च्या रॉयल लेबर कमिशनपासून चालू होती. कमिशने बसली, उठली, अहवाल कपाटात गेले. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूर खात्याचे सभासद झाले. त्यांच्या कारकिर्दीत, मार्च १९४३ मध्ये, प्रा. बी. पी. आडारकर यांना कारखान्यांतल्या कामगारांसाठी विम्याची योजना आखण्यास सांगण्यात आले. त्यांनी ऑगस्ट १९४४ मध्ये अहवाल दिला. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेचे स्टॅक आणि राव हे दोन तज्ज्ञ येऊन तो तपासून गेले. त्यातून १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा झाला. वर्ष पाहा. बेव्हनची सेवा ज्या वर्षी सुरू झाली त्याच वर्षी आपला कायदा झाला. महिना चारशे रुपयांपर्यंत पगार असणारा कामगार त्यात येई.

२४ फेब्रुवारी १९५२ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते कानपुरात योजनेचे उद्घाटन झाले. महाराष्ट्रात ती १९५४ साली नागपुरात आणि मुंबईत आली. कानपूर आणि दिल्लीला योजनेचे स्वतःचे दवाखाने निघाले. मुंबईत गल्लोगल्ली खाजगी डॉक्टर बसलेले होते, म्हणून तिथे विलायतेचीच रीत उचलली गेली. राजी होणाऱ्या खाजगी डॉक्टरांचे पॅनेल करायचे, कामगाराने त्यातला एक निवडायचा, डॉक्टरला माणशी मोबदला द्यायचा आणि प्रत्येकाच्या नोंदींचे पाकीट ठेवायचे. असा लॉइड जॉर्ज लालबागच्या गल्लीत आला! आमच्या आयांच्या तोंडी 'पॅनेल' हा शब्द रेशन आणि रॉकेल या शब्दांइतका सहज होता. ही सोय लहान नव्हती. खोलीत आठ माणसे राहणाऱ्या गिरणगावात, खिशात एक आणा नसताना दाखवता येईल असा डॉक्टर कामगाराला आयुष्यात प्रथम मिळाला.

भोकेही त्याच कापडाबरोबर आली. आरंभी विमा एकट्या कामगाराचा होता. त्याचे कुटुंब योजनेत आले ते १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून, टप्प्याटप्प्याने. पण सर्वांत मोठे भोक निराळेच होते. ट्रेडेगरच्या मंडळीत माणूस गावकरी म्हणून होता. बेव्हनच्या सेवेत तो त्या देशात राहणारा म्हणून होता. आपल्या योजनेत तो पगारदार म्हणून आहे. पगार आहे तर कपात आहे, कपात आहे तर वर्गणी आहे, वर्गणी आहे तर डॉक्टर आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंत हे स्वतः घाटकोपरच्या वस्तीत दवाखाना चालवलेले डॉक्टर, हा योगायोग ध्यानात ठेवण्यासारखा आहे. संपाच्या बऱ्यावाईटाचा न्याय करायला मी आज उभा नाही. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. मला एवढेच आठवते, की घरातली भांडी एकेक करून कमी झाली आणि मग एक दिवस वडील पॅनेलवर जायचे थांबले. वर्गणी थांबल्यावर काही महिन्यांनी विम्याचा हक्क संपला होता.

त्या पॅनेलच्या डॉक्टरांनी माणुसकी सोडली नाही. ते वडिलांना तसेच तपासत, हाताशी असतील त्या गोळ्या देत आणि एका साध्या वहीत दोन ओळी लिहून ठेवीत. पण डॉक्टरचे घरही त्याच यादीवर चाललेले. यादीतली माणसे गिरणीबाहेर फेकली गेली, कुणी कोकणात गेले, कुणी देशावर. माणशी मिळणारा मोबदला आटला. दोन-तीन वर्षांत डॉक्टरांनी दवाखाना आवरला. आवरण्यापूर्वी महिनाभर ते येईल त्याला सांगत होते, की दुसऱ्या पॅनेल डॉक्टरकडे नाव घाला, पाकीट मागोमाग जाईल. ज्यांची नोकरी टिकली होती त्यांची गेली असतील. वडिलांचे पाकीट कुठे जाणार? त्याला जायला नवा डॉक्टरच नव्हता. विमेदार म्हणून वडील कुणाच्याच यादीत उरले नव्हते. डॉक्टरांनी निरोप धाडला होता, की येऊन वहीतल्या नोंदी तरी उतरवून न्या. वडील गेले नाहीत. "गिरणी गेली, आता कागद काय चाटायचा आहे?" असे म्हणाले. आईनेही आग्रह धरला नाही. आणि मी पोरसवदा, मला काय कळत होते?

पुढे दहा-बारा वर्षांनी, मी युनियनच्या कामाला लागल्यावर, मला समजले की कापसाच्या धुळीने होणारा हा रोग कायद्याच्या परिशिष्टात धंदेवाईक रोग म्हणून लिहिलेला आहे. बेव्हनच्या बापाचा रोग यादीत नव्हता. माझ्या बापाचा होता! मी धावपळ सुरू केली. कार्डिंग खात्यात किती वर्षे काढली, त्याचा कागद मिळाला. छातीचा फोटो काढला, फुंकून दाखवायची तपासणी केली. मग प्रश्न आला : त्रास सुरू कधी झाला? सुटीनंतरच्या दिवशी होई, हे त्या वेळी कुणी नोंदले आहे काय? वडील विड्या ओढत नसत हे कुणी लिहिले आहे काय? वडील माझ्याकडे पाहू लागले. ते सगळे लिहिलेले होते. एका लाकडी कपाटात, उभ्या लावलेल्या पाकिटांत, एका नंबराखाली. ते कपाट मोडून वर्षे लोटली होती आणि डॉक्टरही हयात नव्हते. नव्या डॉक्टरांनी प्रामाणिकपणे लिहिले, की जुनाट दमा असावा. प्रकरण तिथेच बसले. वडील वारले तेव्हा त्यांना आठवड्याचे सातही वार सोमवारच होते.

मी कुणाला दोष द्यायला ही गोष्ट सांगितली नाही. डॉक्टर भले होते. दोष असेल तर तो आमचाच, की दवाखाना बंद होतो तेव्हा नुसता डॉक्टर जातो असे आम्ही समजलो. डॉक्टर दुसरा मिळतो. आपल्या शरीराची जी हकीगत त्याच्याजवळ साठलेली असते ती दुसरी मिळत नाही. विलायतेने हे पन्नास वर्षे ठेचा खाऊन ओळखले आणि यादी व कागद दोन्ही डॉक्टरच्या खिशातून काढून समाजाच्या हाती दिले. आपण ती रीत निम्मी उचलली, आणि तीही पगारापुरती.

आज आपल्या गावात यंत्रमागावर, बांधकामावर, दुकानांत काम करणारी बहुसंख्य माणसे त्या निम्म्या रितीच्याही बाहेर आहेत. कामगार विम्यात १ जानेवारी २०१७ पासून पगाराची मर्यादा महिना एकवीस हजार झाली हे खरे. पण ज्याचे नाव हजेरीपटावरच नाही त्याला मर्यादा वाढून काय लाभ? त्याचा डॉक्टर म्हणजे कोपऱ्यावरचा दवाखाना, आणि त्याचे पाकीट म्हणजे त्या डॉक्टरचे डोके.

तेव्हा मोठी व्यवस्था होईतो आपल्या हाती काय आहे ते सांगतो. डॉक्टरांसाठी २००२ साली केलेली आचारसंहिता आहे. पुरेशी आगाऊ सूचना दिल्याशिवाय डॉक्टरने हाती घेतलेला पेशंट सोडू नये, असे ती सांगते. इस्पितळात दाखल झालेल्यांच्या नोंदी तीन वर्षे जपाव्या, आणि पेशंटने मागितल्यास बहात्तर तासांत द्याव्या, असेही सांगते. म्हणजे कागद मागणे हा उद्धटपणा नाही, हक्क आहे. २०२१ पासून सरकारने चौदा आकडी आरोग्य क्रमांक देऊन नोंदी संगणकावर ठेवण्याची मोहीम देशभर काढली आहे. चांगली आहे. पण क्रमांक म्हणजे नुसते पाकीट. आत कागद घालणारा डॉक्टर हवा आणि घालून घेणारा पेशंट हवा.

म्हणून घरातल्या प्रत्येकाची एक साधी शंभर पानी वही करा. दुखणे काय, केव्हापासून, गोळीचे नाव काय, किती वजनाची, कशाची बाधा होते, काम काय करता आणि किती वर्षे, एवढे तिच्यात डॉक्टरांकडूनच लिहवून घ्या. आपला डॉक्टर साठीच्या पुढे गेला असेल, तर भीड न धरता विचारा, "डॉक्टरसाहेब, तुमच्यामागे आमचे कोण पाहणार?" ज्या डॉक्टरने आपल्यासाठी आयुष्य वेचले, त्याला या प्रश्नाचा राग येणार नाही. आणि हे एकेकट्याने करण्याचे काम नाही. वॉर्डाने, तालमीने, महिला मंडळाने, युनियनने करायचे आहे. ट्रेडेगरच्या माणसांजवळही आरंभी पौंडामागे तीन पेन्सांपेक्षा अधिक काही नव्हते.

त्या तीन पोत्यांचे काय झाले, ते सांगून थांबतो. जुन्या डॉक्टरांच्या कंपाउंडरांना आम्ही कचेरीत बोलावले. ते सत्तरीचे आहेत. दुसऱ्याचे दुखणे कुणी वाचू नये म्हणून त्यांनी आम्हा सगळ्यांना बाहेर काढले, दार लावून घेतले आणि नऊ दिवस एकट्याने बसून गल्लीवार गठ्ठे लावले. मग लोक आले. ज्याचा कागद त्याच्या हातात, खूण पटवून. त्या रक्तदाबवाल्या गृहस्थाला अर्ध्या गोळीचे नाव मिळाले. त्या बाईंना आपली बाधा कशाची ते मिळाले. तो कागद त्यांनी डोक्याला लावला, मग पिशवीत ठेवला.

अजून दीडेक पोते शिल्लक आहे. त्यात कुणाकुणाचे कागद असतील, मला ठाऊक नाही. मी उघडून पाहिलेले नाहीत आणि पाहणार नाही. कंपाउंडर दर गुरुवारी संध्याकाळी सहा ते आठ कचेरीत बसतात. येताना खूण म्हणून काहीतरी घेऊन या, आणि ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी घरच्या कुणाला तरी पाठवा.